उसने डोळे

बसा. खुर्ची मात्र रस्त्याकडे पाठ करून ठेवू नका, जरा आडवी घ्या. आणि बोलता बोलता माझे डोळे मिटले तर हाक मारा.

डिंभ्यात माझं हे फोटो आणि फ्लेक्सचं दुकान. वाढदिवसाचे फ्लेक्स उधारीवर नेणारे पुष्कळ, पण धंदा चालतो तो दशक्रियेवर. माणूस गेलं की तिसऱ्या-चौथ्या दिवशी घरचं कुणीतरी आधार कार्ड घेऊन येतं. जिवंतपणी धड फोटो काढलेला नसतो. मग त्या कार्डावरच्या डागातून मी माणूस उभा करतो. नवं लुगडं, डोक्यावर पदर, मागे निळे ढग. पूर्वी यात दिवस मोडायचा, आता एआयचं ॲप अर्ध्या तासात करून देतं.

गेल्या मार्गशीर्षात भर दुपारी अंबाबाई आली.

"सूरजभाऊ, आई गेली."

तिची आई कोंडाबाई. मला चांगली माहीत होती. जन्मांध. बाजाराच्या दिवशी दुकानावरून जायची, तेव्हा आधी काठीचा आवाज यायचा, टक... टक... आणि मग ती. दारात थांबून हटकून विचारायची, "सूरज, आज कुनाचा फोटू करतूयास? कसा दिसतूय रं?" मी वाट्टेल त्या थापा मारायचो. ती तोंडभर हसायची.

कार्डावर तिचे डोळे मिटलेले होते, मिटलेलेच असणार. पण फ्लेक्सवर मिटले डोळे चालत नाहीत. मढ्याचा फोटो लावलाय म्हणून लोक नावं ठेवतात. माझा हात सवयीनं चालला. ॲप मात्र ऐकेना. एकदा घारे डोळे दिले, एकदा कुठल्या तरी नटीचे. शेवटी वैतागून मी माझाच फोटो त्यात टाकला आणि लिहिलं, 'या माणसाचे डोळे या आजीला दे.'

दिले. असे बसले, की जणू जन्मापासून तिचेच.

अंबाबाई बराच वेळ पडद्याकडे बघत राहिली. मग तिनं पदर तोंडाला लावला. "भाऊ... आईनं आज पैल्यांदा माझ्याकडं बगितलं." मलाही भरून आलं. आणि खोटं कशाला बोलू, थोडा अभिमानही वाटला.

ती गेल्यावर ॲप उघडंच होतं. दुकानाच्या नव्या पाटीवर स्वतःचं एक रुबाबदार चित्र टाकायचं कधीपासून मनात होतं. मघाचाच माझा फोटो दिला. अंगात कोट, गळ्यात कॅमेरा, मागे धरणाचं पाणी. चित्र झकास आलं. फक्त डोळे मिटलेले होते.

पुन्हा केलं. मिटलेलेच. 'डोळे उघडे' असं लिहिलं, मग 'डोळे सताड उघडे' असं लिहिलं. कोट बदलला, पाणी बदललं, डोळे काही उघडेनात. अकराव्या चित्रात तर पापण्या आत खोल गेल्या होत्या... खाली काहीच नसल्यासारख्या. दुकानात संगणकाच्या पंख्याची घरघर तेवढी चालू होती. कुठून तरी ओल्या राखेचा वास आला. मी घाईनं सगळं बंद केलं आणि बाहेर पाहिलं. भर दुपारचं ऊन दिवेलागणीसारखं पिवळं पडलं होतं.

दुसऱ्या दिवशी ते आणखी मंद झालं. मंचरला जाऊन डॉक्टरांना दाखवलं. ते म्हणाले, डोळे ठणठणीत आहेत. दशक्रियेच्या आदल्या दिवशी मला कीबोर्डवरची अक्षरं दिसेनात. फोटोवाल्याचे डोळे गेल्यावर त्यानं खायचं काय हो? बायकोला काही बोललो नाही. मोरीत जाऊन नळ सोडला आणि रडलो.

दहाव्या दिवशी सकाळी लोकांच्या आधारानं घोड नदीच्या घाटावर गेलो. प्रवचन झालं, पुढाऱ्यांची भाषणं झाली. एकानं तर कोंडाबाईंनी किती डोळसपणे संसार केला तेही सांगितलं. मग पिंड मांडले आणि सगळे मागे सरले.

उंबरावर कावळे ओळीनं बसले होते. एकही खाली येईना.

"नातीचं लगीन यंदाच करू गं आई," अंबाबाई म्हणाली. कावळा हलला नाही. "तुजी म्हस इकनार न्हाई." तरी नाही. तास गेला. वाऱ्यानं फ्लेक्स फडफडत होता, तेवढाच आवाज.

भावकीतले म्हातारे सोमाजी माझ्या शेजारी पुटपुटले, "म्हातारीचं मन कशात तरी आडाकलंय."

मला माणसं धुरकट दिसत होती. फ्लेक्स मात्र लख्ख दिसत होता. त्यातले डोळे मी समोर पाहणारे केले होते... ते आता नदीकडे पाहत होते. मग उंबराकडे. मग एकेका माणसाकडे, सावकाश. सत्तर वर्षं जे पाहिलं नव्हतं ते ती पाहत होती, आणि तिला जायचं नव्हतं.

"भाऊ, तुमी बी बोला की," अंबाबाई काकुळतीनं म्हणाली. "तिला तुमचा लई लळा व्हता."

"पर जपून बोल," सोमाजी हळूच म्हणाले. "कावळा शिवंपत्तुर बोलशील त्योच शब्द खरा. शिवल्यावर कितीबी बोल, ते कुनी ऐकत न्हाई."

मी वाक्य मनात नीट जुळवलं. आजी, तुला पाहायचं तेवढं पाहून घे, पण मग माझे डोळे मला परत दे. हात जोडून पुढे झालो.

"आजी... तुला पाहायचं तेवढं पाहून घे..."

फाडकन पंख वाजले. पिंडावर कावळा बसला होता.

"शिवला! शिवला!" लोक उठले. उरलेलं वाक्य मी ओरडून म्हटलं, दोनदा म्हटलं. कोण ऐकतंय? सगळे आंघोळीला नदीकडे वळले होते.

घरी येईपर्यंत माझी नजर स्वच्छ झाली. देवापुढे नारळ फोडला. जेवून आडवा झालो, डोळे मिटले, आणि समोर घाट दिसला. वाहतं पाणी, विझलेली चूल, उष्ट्या पत्रावळी चिवडणारी कुत्री. फ्लेक्स टांगला होता तिथून दिसेल तसंच, सगळं.

उघडे असले की डोळे माझे. मिटले की तिचे.

दुसऱ्याच दिवशी अंबाबाईकडून तो फ्लेक्स मागून आणला आणि धरणाच्या कडेला जाळला. इथेच चुकलो. तोवर तिचं पाहणं फ्लेक्ससारखं एका जागी बांधलेलं होतं. जाळल्यापासून ते हलायला लागलं. डोळे मिटले की कधी बाजार दिसतो, कधी होड्या, कधी अंबाबाई भाकरी थापताना. म्हातारी हौसेनं हिंडत असावी. मी झोपायचं टाळतो.

परवा दुपारी गिऱ्हाईक नव्हतं, म्हणून पापणी लागली. एसटीचा थांबा दिसला. मग रस्ता. पलीकडे माझं दुकान, आणि काउंटरवर मान टाकून, डोळे मिटून बसलेला मी. दुकान मोठं मोठं होत गेलं...

दचकून जागा झालो. रस्ता रिकामा होता. टक... टक... येतंय का, म्हणून कितीतरी वेळ कान देऊन बसलो. काही आवाज नव्हता. जरा हायसं वाटलं.

मग आठवलं, कोंडाबाईला आता काठी लागत नाही.