एकच्या भोंग्यानंतर

"माझे वडील जाऊन चौथा महिना लागला," मुलगी म्हणाली. "आणि परवा त्यांच्या फोनवरून माझा अर्ज भरला गेला."

भाचेबुवांचा कप बशीवर आदळला. मावशींनी फक्त चष्मा वर सरकवला.

"सुरुवातीपासून सांग."

मुलगी सरकारी शिष्यवृत्तीवर शिकत होती, दुसऱ्या वर्षाला. अर्ज दरवर्षी नव्याने करायचा. मागच्या वर्षीची माहिती आपोआप समोर येते. बदल असेल तो करायचा आणि 'सादर करा' दाबायचं. मग नोंदवलेल्या फोनवर ओटीपी येतो, तो टाकला की झालं. नोंदवलेला फोन वडिलांचा होता.

"शेवटच्या दिवशी कॉलेजच्या लॅबमध्ये बसले होते. सगळं तपासून झालं, एक रकाना राहिला. वडील : हयात की मयत." ती खिडकीकडे बघू लागली. "'हयात' होतं. मागच्या वर्षीचं. ते बदलायला माझा हात उठेना. शिवाय ओटीपी आणणार कुठून? फोन दवाखान्यातच हरवला. म्हटलं, मरू दे ती शिष्यवृत्ती. तशीच उठून आले."

"आणि?"

"दुसऱ्या दिवशी बघते तर अर्ज सादर झालेला. 'हयात' तसंच."

"झालं की मग काम!" भाचेबुवा खूश झाले.

"अहो, पडताळणीत खोटं निघालं तर हे वर्ष जाईलच, पुढची दारंही बंद. दुरुस्ती उद्या पाचपर्यंतच होते. आणि तिलाही ओटीपी त्याच फोनवर."

"त्या नंबरवर फोन लावलास?" मावशींनी विचारलं.

"एकदाच. वाजला. मी घाबरून कट केला."

"वाजला," मावशी स्वतःशी म्हणाल्या. "चला भाचेबुवा, छत्री घ्या, ऊन आहे."

मावशी म्हणजे गावभरच्या मावशी. हरवलेली माणसं आणि वस्तू शोधून देण्याचा त्यांचा व्यवसाय जुना. भाचेबुवा मात्र खरेच भाचे. विम्याची एजन्सी बुडाल्यापासून मावशींच्या मागे छत्री धरून हिंडत.

कॉलेजच्या शिष्यवृत्ती खिडकीतला कारकून फायलीने वारा घेत होता.

"बाई, पोरगी पान उघडं टाकून गेली, खरंय. पण ते थोड्या वेळात आपोआप बंद होतं. परत उघडायला पासवर्ड लागतो. मी फार तर नवा काढून देऊ शकतो, पण मग जुना चालत नाही."

"माझा जुनाच चालतोय," मुलगी म्हणाली. "काकांनी पहिल्या वर्षी टाकून दिलेला. माझी जन्मतारीख. घरात सगळ्यांना माहीत आहे."

"आणि फोन नंबर बदलून मिळेल?" मावशींनी विचारलं.

"का नाही? वरच्या ऑफिसला अर्ज, प्रतिज्ञापत्र, मृत्यूचा दाखला. महिन्याभरात झालं तर देव पावला म्हणा."

बाहेर पडताच भाचेबुवा कुजबुजले, "हा माणूस लबाड वाटतो."

"वारा घेतो म्हणून?"

काकांचं दुकान चौकात होतं. झेरॉक्स, फोटो, ऑनलाइन अर्ज. काका शिडशिडीत, अबोल. पुतणीला पाहताच त्यांनी खुर्चीवरची कागदांची थप्पी उचलली, खुर्ची शर्टाच्या बाहीने पुसली.

"दादाचा फोन? दवाखान्यात त्या गडबडीत गेला. कुणी उचलला असेल."

"अर्ज तुम्ही सादर केलात का?"

"ओटीपीशिवाय कसा करणार?"

भाचेबुवांचा फोन नेहमीप्रमाणे शेवटचा श्वास घेत होता. झेरॉक्स मशीनशेजारी भिंतीला एक चार्जर लोंबत होता. त्यांनी तो घेऊन फोनला लावायचा प्रयत्न केला, बसेना.

"तो नाही बसायचा," काका घाईने म्हणाले. "बारीक गोल पिनेचा आहे, जुना. हा घ्या माझा." आपल्या नव्या फोनचा चार्जर त्यांनी खणातून काढून दिला आणि खण घट्ट लावला.

इतक्यात कापड कारखान्याचा भोंगा झाला. एक वाजला. काका उठले आणि झेरॉक्स मशीन सुरू केलं. खडखडाट करत कागद बाहेर पडू लागले. कोरे, एकामागून एक.

"काका, कोऱ्या कागदाची झेरॉक्स काढताय?" भाचेबुवा हसले. "मूळ प्रत सांभाळून ठेवा हं!"

"मशीन तपासतोय," काका म्हणाले. त्यांची पाठ या तिघांकडे होती.

संध्याकाळी तिघं मुलीच्या घरी बसली असताना तिची आई कारखान्यातून परतली. ती शिलाई मशीनवर होती. बोटांना निळ्या धाग्याचे तंतू चिकटलेले. दाराशेजारच्या खुंटीवर पुरुषाचा एक सदरा होता, इस्त्री केलेला.

"हे छापखान्यात मशीनवर होते," आई म्हणाली. "फोन सदऱ्यात, सदरा खुंटीवर. त्या आवाजात ऐकू येतंय कुणाला? दुपारी मी लावायचे, ते काही उचलायचे नाहीत. संध्याकाळी चपला काढता काढता विचारायचे, 'काय गं, फोन केला होतास?' सांगण्यासारखं काही नसायचंच. भोंगा झाला की आपलं लावायचं."

"त्यांचा नंबर अजून चालू आहे. रिचार्ज कोण करतं?"

आईने धाग्याचा तंतू बोटाभोवती गुंडाळला. "मी. उगाच. बंद लागला असता, तर सोडून दिलं असतं."

"फोन कुठे आहे, ठाऊक आहे?"

"नाही." मग हळूच, "विचारलंही नाही कुणाला."

घरी जाताना भाचेबुवा म्हणाले, "आईच! पैसे भरते, फोन लपवते. सरळ आहे."

"फोन हातात असेल, तर तो बंद लागतो की चालू हे बघायला कुणी फोन लावतं का रे?"

भाचेबुवांनी मिटलेली छत्री या काखेतून त्या काखेत घेतली.

दुसऱ्या दिवशी एकच्या जरा आधी मावशी मुलीला आणि भाचेबुवांना घेऊन काकांच्या दुकानात शिरल्या आणि झेरॉक्स मशीनला पाठ लावून उभ्या राहिल्या.

"आज मशीन तपासायचं नाही, काका. बसा."

काका बसले.

"चोराचा विचार मी सुरुवातीलाच सोडला. चोर सिमकार्ड फेकून देतो. हा फोन चौथ्या महिन्यातही वाजतोय, म्हणजे कुणीतरी त्याचं रिचार्ज करतंय आणि कुणीतरी तो चार्ज करतंय. मला वाटलं, दोन्ही एकच माणूस. तिथे मी चुकले. रिचार्ज आई करते. पण तिच्याकडे फोन नाही. ती फक्त लावून बघते. कारकुनाने अर्ज उघडला असता तर पासवर्ड बदलला असता. राहिलं कोण? पासवर्ड ज्याने टाकला तो. दवाखान्यात त्या गडबडीत जो होता तो. आणि स्वतःचा फोन नवा असताना ज्याच्या भिंतीला जुन्या फोनचा चार्जर लोंबतो तो."

"जुना चार्जर कुणाकडेही असतो," काका पुटपुटले.

"असतो. पण काल भोंगा झाला आणि तुम्ही कोरे कागद काढायला लागलात. मला कळेना, आवाज कशासाठी? संध्याकाळी वहिनी म्हणाल्या, भोंगा झाला की लावायचे. तेव्हा कळलं, तुम्हाला कागद नको होते. नुसता खडखडाट हवा होता."

भोंगा झाला.

कुणी हललं नाही. मग खणात काहीतरी थरथरलं आणि लाकडातून दबलेली, जुनी, किरटी धून वाजायला लागली. मुलीने तोंडावर हात घेतला. ती धून तिने लहानपणापासून ऐकली होती.

काकांनी खण उघडला. बटणांचा फोन, कडा झिजलेल्या. पडद्यावर एकच शब्द होता : घर.

धून वाजत राहिली आणि थांबली.

"नातेवाइकांना कळवायला घेतला होता," काका म्हणाले. "परत द्यायला निघालो, तर भोंग्यानंतर हा वाजला. वहिनी. मला वाटलं, हरवलेला फोन शोधतायत. उचलणार होतो. पण दुसऱ्या दिवशी त्याच वेळेला. तिसऱ्या दिवशीही. शोधणारं माणूस असं वेळ धरून शोधत नाही. उचलून मी बोलणार काय? आणि परत दिला असता, तर त्यांनी लावायचा कुणाला? म्हणून चार्ज करत राहिलो. आवाजही बंद करवेना. दादाची धून आहे."

"आणि अर्ज?" मुलीने विचारलं.

"शेवटच्या दिवशी उघडून पाहिलं, तू सोडून दिलेलास. तुझं वर्ष जाईल म्हणून दाबलं. तो रकाना दिसला गं. पण माझ्याच्याने झालं नाही." त्यांनी मान खाली घातली. "तुझ्याच्याने तरी कुठे झालं?"

काकांनी संगणक तिच्याकडे वळवला. मुलगी खुर्चीत बसली. रकाना उघडला. दोनच शब्द, एकाखाली एक. तिने खालचा निवडला. फोन एकदाच किणकिणला. बाबांच्या फोनवर आलेले आकडे तिनेच वाचले आणि भरले, कारण काकांना ओल्या चष्म्यातून काही दिसत नव्हतं.

दुरुस्ती झाली.

"आईला सांगायचं?" तिने मावशींना विचारलं.

"मला फोन शोधायला सांगितलं होतंस. तो सापडला. पुढचं तुमच्या घरचं."

मुलीने फोन ओढणीने पुसला. बराच वेळ हातात धरला. मग भिंतीवरचा गोल पिनेचा चार्जर त्याला लावला आणि खणात ठेवून दिला.

"काका, बॅटरी उतरू देऊ नका."

बाहेर ऊन होतं. भाचेबुवांनी छत्री उघडली, खिशातून फोन काढला, दाबून पाहिला.

"बंद पडला वाटतं. घरी गेल्यावर लावतो."

"आत्ता लाव," मावशी म्हणाल्या. "दुकानात परत जा. काकांकडे आहे चार्जर."

"एवढी काय घाई आहे, मावशी?"

मावशी कारखान्याच्या दिशेला बघत होत्या. "कुणीतरी लावत असेल."