कवडूचं झाड

आधीच सांगतो, माझ्या लिहिण्यात ऱ्हस्व-दीर्घाच्या चुका सापडतील. शाळा आठवीत सुटली. मोठे शब्द मला येत नाहीत, आणि जे येतात ते कुठे ठेवायचे ते कळत नाही. जसं घडलं तसं लिहितो. चुका सांभाळून घ्या, पण मधेच सोडू नका. हे कोणाला तरी पूर्ण सांगायचं आहे.

माझं नाव कवडू. आताच्या पोरांत हे नाव राहिलं नाही. मनिषदादा मायचा पहिला. त्याच्यानंतर एक मुलगी आणि एक मुलगा, दोघंही लहानपणीच गेले. म्हणून मी झालो तेव्हा मायने मला शेजारच्या सुमनबाईला एका कवडीला विकलं आणि दुसऱ्याचं लेकरू म्हणून वाढवलं. विकलेलं लेकरू आपलं राहत नाही, मग मरण त्याला शोधत आपल्या दारी येत नाही, असा आमच्याकडचा समज. शाळेत पोरं मला 'एका कवडीचा' म्हणून चिडवायची. रडत घरी आलो की माय म्हणायची, त्याच नावानं तुले वाचवलं, बापा.

आमचं गाव अड्याळपासून सायकलने अर्ध्या तासावर. घरामागे सांदवाडी आहे, म्हणजे भाजीपाल्याची जागा. वांगी, भेंडी, वालाचा वेल, एवढंच. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी मायने मला तिथलं गवत काढायला सांगितलं. न्हाणीचं पाणी जिथे जाऊन मुरतं तिथे एक वीतभर झाड उभं होतं. ते कोणी लावलं नव्हतं. मी दहा वर्षं लोकांच्या धानाच्या बांध्यांत निंदण करतो, गवताचं पातं पाहून नाव सांगतो. हे तरोटा नव्हतं, कुरडू नव्हतं, आंबाडी नव्हती. देठावर बारीक, मऊ लव होती. नव्या जन्मलेल्या लेकराच्या कानावर असते तशी.

मी मुळाशी हात घातला आणि माय पिठाच्या हातांनी धावत आली. "हात नको लावू," म्हणाली. मग बराच वेळ त्या झाडाकडे पाहत उभी राहिली.

न्हाणीत तृप्तीवहिनी कपडे धूत होती. ती हसून म्हणाली की हे नक्की तुमच्या मनिषदादाचं झाड, आंघोळ करता करता कसल्या कसल्या बिया थुंकतात ते. त्यात काहीच नव्हतं, साधी गंमत होती. पण माय अशी गर्रकन वळली की वहिनीच्या हातातला कपडा तसाच राहिला.

"मनिषचं नाही ते," माय म्हणाली. "कवडूले दिसलं. कवडूचं झाड आहे."

मग आवाज खाली आणून मला म्हणाली की तुला झाडांची समज आहे, चार जाणत्या माणसांना विचार, अड्याळला जा, आसगावला जा, झाड कोणतं ते शोधून काढ. मला कशाची समज आहे असं त्या घरात कोणी कधी म्हटलं नव्हतं. त्या रात्री मी आनंदाने नीट जेवलोसुद्धा नाही.

दुसऱ्या दिवसापासून मी विचारत फिरलो. एक पान वहीच्या कागदात दाबून घेतलं होतं. अड्याळला बियाण्याचं दुकान चालवणाऱ्या कृष्णरावांनी चष्मा वर करून, खाली करून पाहिलं आणि मान हलवली. जंगलातून डिंक आणणाऱ्या देवाजीने पान जिभेला लावलं आणि लगेच थुंकलं. म्हणाला, हे आपल्याकडचं नाही. आसगावच्या मास्तरांनी मोबाईलमध्ये झाड ओळखायचं ॲप उघडलं. पाच फोटोंना पाच नावं आली. सहाव्या फोटोत झाडच नाही, असं ते ॲप म्हणालं. मास्तर हसले. मीही हसलो.

मी मुळात लाजरा. दुकानात काडीपेटी मागतानासुद्धा खाली पाहतो. पण त्या दीड महिन्यात पानठेल्यावरचे लोक मला हाक मारून बोलवायला लागले. काय कवडू, लागला का पत्ता तुझ्या झाडाचा? एक जण म्हणाला, त्याचं आधार कार्ड काढ, म्हणजे नाव कळते. सगळ्या गावाच्या तोंडी एकच, कवडूचं झाड. दादाने फोटो काढून त्याच्या मोबाईलवरच्या गटांवर टाकला, खाली लिहिलं, 'कवडूचं झाड, कोणी ओळखते का?' गोंदिया, गडचिरोलीहून लोकांची उत्तरं आली. खरं सांगतो, ते माझे सगळ्यात चांगले दिवस होते.

झाड मात्र वाढत होतं. घट बसले तेव्हा माझ्या कमरेला आलं, दसऱ्याला छातीला. बकरी त्याला तोंड लावत नव्हती. त्याच्यावर मुंगी नाही, किडा नाही. चिंचेसारखी झाडं रात्री पानं मिटतात, हे भर दुपारी मिटायचं. दोन-दोन पानं समोरासमोर चिकटायची, हात जोडल्यासारखी. एकदा मी पान चोळून वास घेतला. वहिनीच्या बाळंतपणात आमच्या घरात जो वास भरला होता, तोच. वेखंड, तेल आणि दूध. मी मायला हुंगायला दिलं. तिने हुंगलं, काहीच वास नाही म्हणाली, आणि उठून साबणाने हात धुतले. दोनदा.

मला रोज दुपारी कसकस येऊ लागली. ऊन चढलं की अंग तापायचं, ऊन उतरलं की जायचं. माय माझं फार करू लागली. मासोळीचं डोकं आमच्या घरी नेहमी दादाच्या ताटात पडतं. ते माझ्या ताटात पडू लागलं. खीर केली तर आधी मला. मी मान खाली घालून खायचो, आणि मनात म्हणायचो, शेवटी मी हिला दिसलो.

दिवाळीला आठ-दहा दिवस होते. धान कापणीला आलं होतं, म्हणून दुपारी गाव रिकामं. मी बांधीत होतो, पण ताप चढला आणि घरी परतलो. बाहेर होला पक्षीसुद्धा घुमत नव्हते. दारातून आत आलो तर मागून आवाज ऐकू आला. घुट… घुट… कोणीतरी तहानलेलं लेकरू पाणी पितं तसा. न्हाणीत कोणी नव्हतं. सांडपाण्याची मोरी कोरडी होती. आवाज तिच्याही पलीकडून येत होता.

मग मायचा आवाज ऐकू आला. हळू, अंगाई म्हणावी तसा.

"कवडू… कवडू… कवडू…"

मला वाटलं मलाच बोलावते. मी "ओ" दिली आणि मागच्या दारात गेलो. माय झाडासमोर उकिडवी बसली होती. एक हात बुडाशी ठेवलेला. मिटलेली पानं तिच्या चेहऱ्याच्या बरोबरीला होती, आणि वारा नसताना ती थोडी थोडी उघडत होती. तिने मला पाहिलं. तिचा चेहरा मी विसरू शकत नाही.

"तुले नाही," ती म्हणाली. "तुले नाही बोलावलं. जा… आत जाऊन झोप."

मी आत जाऊन पडलो. ती तीच हाक पुन्हा मारू लागली. मी कानावर उशी धरली, कारण प्रत्येक वेळी तोंडातून ओ निघत होती.

दुसऱ्या दिवशी सुमनबाई परत आली. पावसाळाभर ती लेकीकडे नाकाडोंगरीला होती. येताच कुंपणावरून मला हाक मारली, किती सुकला रे म्हणाली, आणि बोलता बोलता तिची नजर माझ्या खांद्यावरून मागे गेली. तिने कुंपणाची काठी घट्ट धरली.

"याले नाव कोणी ठेवलं?"

मी म्हणालो, सगळे कवडूचं झाड म्हणतात. सुमनबाई तिथेच खाली बसली. ती माझ्याकडे न पाहता बोलत होती. मायची मुलगी चार वर्षांची होती तेव्हा हेच झाड इथेच उगवलं. पोर त्याच्याशी खेळायची, म्हणून सगळे कौतुकाने तिचं झाड म्हणायचे. ते तिच्याएवढं झालं आणि थांबलं. मग फूल आलं. फूल उमललं त्या दिवशी पोर गेली, दुपारची थोडी कसकस सोडली तर ना आजार ना काही. दुसऱ्या वेळी उगवलं ते मुलाचं झाड झालं. तेव्हा माझ्या बापाने ते उपटून तळ्यात फेकलं, आणि मुलगा त्याच संध्याकाळी गेला.

"ते बिनानावाचं येते," सुमनबाई म्हणाली. "ज्याचं नाव जास्त तोंडी होते, त्याचं होऊन जाते."

"मायले ठाऊक आहे?"

"तिनंच तर मले सांगितलं होतं, बापा."

मी उठून झाडाजवळ उभा राहिलो. टोक माझ्या भुवयांना लागत होतं.

दिवे लागायच्या वेळी माय दारात सुपात तांदूळ निवडत बसली होती. मी समोर जाऊन बसलो. मला पाहूनच तिला कळलं. तिची बोटं थांबली नाहीत. खडा काढ, टाक. खडा काढ, टाक. मग तिने स्वतःहून सांगितलं, सुपाकडेच पाहत. तृप्तीने त्या दिवशी पहिलं नाव मनिषचं घेतलं होतं. ते पुसायचं तर दुसरं नाव शंभर तोंडांनी म्हणायला पाहिजे होतं. मनिषच्या पोरीला अजून दात नाहीत आले.

मी पोळ्यापासूनचे सगळे दिवस आठवत होतो. पानठेला, कृष्णराव, मास्तर. मी स्वतःच्या पायांनी गावोगाव जाऊन स्वतःचं नाव वाटत फिरलो होतो, आणि मला वाटलं होतं, मला काम दिलंय. लहानपणी ज्या नावाने तिने मला लपवलं, त्याच नावाने तिने मला दाखवून दिलं.

"मले विचारलं असतं तर मी हो म्हटलं असतं, माय."

आतून वहिनीच्या बांगड्या वाजल्या, लेकरू कुरकुरलं.

"म्हणूनच नाही विचारलं," ती म्हणाली.

मग थोड्या वेळाने विचारलं, जेवतो का. मी जेवलो. दादा माझ्या बाजूला बसून जेवला. फोटो टाकला तेव्हा त्याला ठाऊक होतं का, हे मी विचारलं नाही. भीती होती की तो उत्तर देईल.

सकाळी उजाडताच मी सांदवाडीत गेलो. म्हटलं, जे असेल ते उभ्याने पाहू. झाडाच्या टोकाला एक पांढरी कळी आली होती, अजून मिटलेली. पण ती माझ्या डोळ्यांसमोर नव्हती. तिला पाहायला मला मान वर करावी लागली. रात्रीतून झाड माझ्याहून वीतभर उंच झालं होतं. मी हात वर करून अंदाज घेतला. आमच्या घरात सगळ्यात उंच मीच. दादा माझ्या कानाशी येतो. एवढं उंच आमच्याकडे कोणीच नाही. आणि माझं अंग थंड होतं, कित्येक दिवसांनी हलकं वाटत होतं.

माय मागच्या दारात उभी होती. पुढे यायची तिची हिंमत होत नव्हती.

"कुठवर आलं?" तिने विचारलं.

"माझ्याएवढं," मी म्हणालो.

मायशी मी बोललेलं पहिलं खोटं. तिने पदर तोंडात कोंबला आणि दारातच खाली बसली. मी तिला रडू दिलं. पिशवीत दोन शर्ट घातले आणि तळ्याच्या पाळीने चालत फाट्यावर आलो. कुठे जायचं ते ठरवलं नव्हतं, येईल त्या बसमध्ये बसायचं होतं.

पवनीकडून एक बस आली. तिच्यातून एक माणूस उतरला. दारातून उतरताना त्याला वाकावं लागलं. पन्नाशीचा असेल, खांद्याला झोळी, हातात जाड वही, चेहरा फार मायाळू. तो सरळ माझ्याकडे आला आणि आमच्या गावचा रस्ता विचारला. म्हणाला, जडीबुटी देतो, तीस वर्षं जंगलात गेली, पण मोबाईलवर फोटो आला ते झाड काही ओळखू आलं नाही. म्हटलं, जाऊन डोळ्यांनी पाहू.

"अन् नाव वाचून तर राहवलंच नाही," तो हसत म्हणाला. "मीबी कवडूच. कवडूचं झाड कवडूनं नाही ओळखलं तर कोणी ओळखावं?"

तो कपाळावरचा घाम पुसत होता. सकाळपासून थोडी कसकस आहे म्हणाला. मी त्याच्याकडे मान वर करून पाहत होतो. परत जा, एवढंच म्हणायचं होतं. दोन शब्द. माझे ओठ हललेसुद्धा. पण मी हात लांब करून रस्ता दाखवला. पाळीने सरळ जा, शेवटचं घर, मागच्या बाजूने जा म्हणालो, म्हणजे झाड लगेच दिसेल.

तो खूश झाला. त्याने वही उघडली. नवीन झाड मिळालं की ते ज्याने दाखवलं त्याचं नाव झाडाच्या नावासमोर लिहून ठेवायची त्याची रीत होती. सगळ्या पानांवर झाडाचं नाव आणि माणसाचं नाव, शेजारी शेजारी. त्याने एक रिकामी ओळ काढली, पेन टेकवलं आणि माझं नाव विचारलं.

"मनिष," मी म्हणालो.

त्याने ते सावकाश, सुंदर अक्षरात लिहिलं, आणि लिहिता लिहिता स्वतःशी एकदा मोठ्याने म्हटलं. भंडाऱ्याकडे जाणारी बस तोवर आली होती. मी चढलो आणि मागे पाहिलं नाही.