थर्मनने कोरलेली डोकी

त्या सकाळी आम्ही नेहमीसारखेच बदकं मांडायला निघालो होतो. लाकडी बदकं. ती पाण्यावर तरंगताना दिसली की वरून जाणारी खरी बदकं फसून खाली उतरतात, आणि माझ्या नवऱ्यासारखे शूरवीर गवतात लपून त्यांच्यावर गोळ्या झाडतात.

एलवूडच्या बदकांचं चेसापीक खाडीच्या काठाला मोठं नाव होतं. खरं सांगू तुला? तो नुसती धडं तासायचा. ओंडका आणि वाकस, बस्स. डोकी कोरायचा त्याचा धाकटा भाऊ, थर्मन. गालाखाली चाकूची एकच खोल खाच... तेवढ्यानं लाकडात जीव यायचा.

मागच्या हिवाळ्यात थर्मन खाडीच्या मधोमध शिकारीच्या पेटीत पडून होता. एक माणूस उताणा मावेल एवढीच ती पेटी, कडा पाण्याला टेकलेल्या. वारा वाढला की एलवूडनं होडी नेऊन त्याला उचलायचं, असं ठरलेलं. वारा वाढला. एलवूडची गाळण उडाली. होडी घेऊन तो सरळ घरी आला आणि शेगडीपाशी बसून त्यानं कालवांचा रस्सा ओरपला. थर्मन पेटीसकट बुडाला. वर यानं गावाला सांगितलं, "थर्मन कुणाचं ऐकायचाच नाही हो!"

यंदा डोकी कोरायला साहेब स्वतः बसले.

"बटाटे सोलतोयस का रे?" मी विचारलं. चाकू आपटून तो निघून गेला.

दुसऱ्या दिवशी बाकावर बारा डोकी रांगेत मांडलेली. प्रत्येकाच्या गालाखाली ती खाच.

"कुणी केली?"

"मीच की," तो म्हणाला, पण माझ्याकडे बघेना. आणि खिळे ठोकून धडांवर बसवलीसुद्धा! मेलेल्या भावाचं कामही आपल्या नावावर खपवणारा माणूस.

तर त्या सकाळी धुकं होतं. आम्ही बाराही बदकं पाण्यात सोडली. दोरीला बांधलेलं बदक नेहमी वाऱ्याकडे तोंड करतं. ही मात्र वाऱ्याकडे पाठ करून वळली... एकेक करून. आमच्या होडीकडे.

"हेस्टर... घरी चल."

"का रे? तुझीच ना ती?"

"वल्हव गं बाई... वल्हव."

बदकं तिथेच टाकून आम्ही निघालो. वल्ही मीच मारली. तो माझ्यासमोर बसून माझ्या खांद्यावरून मागे बघत होता. माझ्या पाठीमागचं होडीचं टोक रिकामं होतं, ते वर उचललेलं असायला हवं होतं. पण तिथल्या फळ्यांशी पाणी चुबुकचुबुक वाजत होतं, जड ओझं ठेवल्यासारखं. ओल्या लोकरीचा वास माझ्या मानेपाशी आला.

मी वळले नाही.

"एलवूड... कोण आहे?"

"कुणी नाही," तो म्हणाला. तेव्हासुद्धा खोटंच बोलला.

होडी धक्क्याला लागताच मला हातही न देता त्यानं उडी मारली आणि धूम ठोकली. होडी हेलकावली. शांत झाली.

मग पुन्हा एकदा तशीच हेलकावली.

मी अजून वल्ही धरून जागेवरच बसले होते.