गोदामाच्या माळ्यावरच्या रेघा

बॅडमिंटनच्या जागेपायी भिंगरीने सुट्टी लागल्यापासून मामाचं डोकं खाल्लं होतं. बंदराचा कारभार पाहणारा मामा शेवटी कंटाळला आणि जुन्या गोदामाचा माळा द्यायला तयार झाला. अट एकच, झाडून तुम्ही काढायचं. दुपारी लाकडी जमीन घासायचं मशीन येणार होतं.

म्हणून भिंगरी, तिचा धाकटा भाऊ आणि मावसभाऊ शंकासुर सकाळपासून धूळ खात होते. भिंगरीचं मात्र लक्ष लागत नव्हतं. ती चार फटकारे मारी आणि पुन्हा खिडकीत धावे. खाली किनाऱ्यावर आज आजोबांची नाव मोडीत निघणार होती. या बंदरात बांधलेली ती शेवटची नाव, पणजोबांच्या हातची. फळ्यांना आतून पेलणाऱ्या कमानदार फासळ्या कुजल्या होत्या आणि नव्या कापायला सुतारकाकांकडे नमुनाच नव्हता. आजोबा सकाळपासून तिच्यापाशीच बसून होते.

"खिळ्याने कुणीतरी रेघोट्या मारल्यात इथे," शंकासुर म्हणाला. "पण सगळ्या वाकड्या कशा?"

धाकट्याने ओलं फडकं फिरवलं. एकात एक, मोठ्या होत गेलेल्या कमानी उमटल्या. भिंगरी खोक्यावर चढली, वरून पाहिलं, आणि तिने खिडकीबाहेरच्या नावेकडे बोट दाखवलं.

"या आजोबांच्या नावेच्या फासळ्या आहेत. पणजोबांनी इथेच आखल्या असणार, खऱ्या मापाच्या!"

कशावरून, असं शंकासुराने लगेच विचारलं. त्याचं बरोबरच होतं, नुसतं सांगून मोठी माणसं थोडीच ऐकणार होती? मग रद्दीतली वर्तमानपत्रं जोडून त्यांनी सगळ्यात मोठी, म्हणजे नावेच्या मधली कमान गिरवून कापायला घेतली. तेवढ्यात जिन्यावर मशीन आदळल्याचा आवाज आला. ते जमिनीवर फिरलं की रेघा घासून जाणार होत्या. भिंगरीने डोळ्याने खूण करताच धाकट्याने भरलेली बादली दारातच उलटी केली.

ओल्या लाकडावर मशीन चालत नाही, म्हणत मशीनवाला खाली बसला. त्याच्याबरोबर आलेला मामा धाकट्याची हजेरी घेत राहिला, तोवर कमान कापून झाली आणि भिंगरी कागदाची गुंडाळी घेऊन मामाच्या हाताखालून सटकली.

सुतारकाकांनी पहिली फळी उचकटलीच होती. नावेच्या मधली एकच फासळी अजून धड होती. भिंगरीने धापा टाकत कागद तिच्यावर धरला. तो तंतोतंत बसला. सुतारकाकांनी पहार बाजूला ठेवली, कडेवरून बोट फिरवलं आणि "शाबास पोरी," एवढंच म्हणाले.

आजोबा तडक गोदामाचा जिना चढले आणि माळ्याच्या दारात थबकले.

"लहानपणी मी इथे आलो की वडील हाकलून द्यायचे. तंगडी मोडीन म्हणायचे," ते म्हणाले. "मला वाटायचं, मी त्यांना नकोसाच आहे. पायाखाली या रेघा होत्या, हे कधी कळलंच नाही."

रेघांकडे पाहता पाहता त्यांचे डोळे भरून आले. त्यांनी तिघांच्या पाठीवरून हात फिरवला. मामाने ओशाळून मशीन परत पाठवलं, आणि आता बॅडमिंटनचं काय, असं विचारलं. अंगणात खेळू की, भिंगरी म्हणाली.

आजोबांनी उंबऱ्याबाहेर चपला काढल्या. मामा तसाच आत शिरत होता, त्याला त्यांनी दंडाला धरून थांबवलं.

"तूही काढ," ते म्हणाले.