बँडस्टँडला बोललेला नवस

"याला चांगली फ्रेम करून द्याल?" म्हणत तो भर पावसात दुकानात शिरला आणि शर्टाच्या आत जपलेलं चित्र त्यानं सोनालीपुढं धरलं. स्वतः चिंब, चित्र मात्र कोरडं!

जुनं शिळाछाप चित्र होतं ते, बागेतल्या बँडस्टँडचं. नक्षीदार खांब, वर घुमट, घुमटाला कळसासारखं टोक.

"याच्या दुरुस्तीचं काम माझ्याकडं आहे. मूळचं रूप कुठं सापडेना, शेवटी जुन्या बाजारात हे मिळालं," तो म्हणाला. नाव मल्हार, गाव मंद्रूप. आणि हसताना ओठांच्या आधी डोळेच हसायचे...

मधल्या मारुतीजवळच्या त्या दुकानात यायच्या त्या देवांच्याच तसबिरी. काच बसली की हळदकुंकू लावायचं, डोळे मिटून हात जोडायचे, मगच तसबीर गिऱ्हाइकाच्या हाती द्यायची – हा सोनालीचा नेम. मल्हार चित्र न्यायला आला तेव्हाही हात सवयीनं चालला, आणि बँडस्टँडच्या घुमटावर कुंकवाचं ठसठशीत बोट उमटलं.

तो नुसता बघत राहिला.

सोमवारी सकाळी पुन्हा दारात हजर.

"घोटाळा झालाय. आईनं कुंकू बघितलं नि चित्र थेट देव्हाऱ्यात! रोज बेल वाहते. आज म्हणते, या देवाच्या दर्शनाला ने. नवस बोललीय."

"अगं बाई! मग तेव्हाच का नाही टोकलंत मला?"

"तुम्ही डोळे मिटले होते ना..." तो खाली बघत म्हणाला. "तुमचं ध्यान मोडवेना."

"आणि नवस कसला?"

"ते... आईलाच विचारा. संध्याकाळी आणतोय तिला बागेत."

संध्याकाळी सोनाली सिद्धेश्वराचं दर्शन घेऊन, सोमवारचा उपास न सोडताच बागेत पोचली. मल्हार कुजबुजला, "मी सांगतो आईला." तिनं मान हलवली. "कुंकू मी लावलं. मीच सांगेन."

त्याच्या आईनं, चंद्रव्वांनी, बँडस्टँडच्या पायऱ्यांपाशी चपला काढल्या. पदराखाली नारळ होता. "सून मागितली हाय ह्या देवाजवळ," त्या म्हणाल्या. "दील न्हवं गं पोरी?"

सोनालीची नजर मल्हारकडं गेली. गप्प राहिलं तर नवस टिकेल, कदाचित मल्हारही... पण देवाच्या नावानं खोटं, तेही सोमवारी? ती पुढं झाली.

"आई, हे देऊळ नाही. इथं पूर्वी बँड वाजायचा. कुंकू माझ्या हातनं चुकून लागलं."

चंद्रव्वांनी घुमटाकडं पाहिलं, मग लेकाकडं. तो खांबाचा रंग नखानं खरवडत होता.

"तुला ठावं हुतं व्हय रं?"

"होतं."

"आन् गप बसलास?"

"पुसवेना मला ते कुंकू."

चंद्रव्वा हातातल्या नारळाकडं बघत राहिल्या. "मंग माजा नवस गेला कुटं?"

मग त्या सोनालीकडं वळल्या.

"कुकू कुनी लावलं म्हनलीस?"

"मी."

"मंग तुलाच पोचला की गं!" त्या खुदकन हसल्या. "धर, वटी पसर."

सोनाली लाजली, पण हलली नाही. हळू आवाजात, अगदी ठाम म्हणाली, "आधी यांनी मला विचारावं."

"विचार की रं मुडद्या!"

मल्हार खांब सोडून तिच्यासमोर आला. "ते चित्र... ऑफिसात न्यायचं, की देव्हाऱ्यातच ठेवायचं? तुम्ही घरी येऊन... कायमच्या येऊन... ठरवाल?"

"देव्हाऱ्यातच राहू दे," ती म्हणाली. "कुंकू मी लावत जाईन."

आणि तिनं ओढणी पसरली.