कुणालाही, कुठूनही

दिवा राहू दे. दार मात्र लोटून घे, आणि मध्येच खिदळायचं नाही. हे ज्याच्यावर बेतलं तो माझा साडू, म्हणजे तुमच्या मामीच्या बहिणीचा नवरा. थापा मारणं त्याच्या रक्तातच नाही. असतं तर माझ्यासारखा सुखी झाला असता.

तो एका कारखान्यात कॉम्प्युटर बघायचा. तिथल्या बॉयलरसाठी त्यानं एक स्क्रिप्ट लिहिली होती, म्हणजे छोटासा प्रोग्रॅम. वाफेचा दाब वाढला की स्क्रिप्ट मेल पाठवणार, मेल पोचला की बॉयलरखोलीत भोंगा वाजणार. पण ऑगस्टमध्ये मेल गेलाच नाही. बॉयलर फुटला. तिथला बॉयलरवाला, त्याला सगळे पैलवान म्हणायचे, वाफेत उकडून मेला. कपडे काढायला गेले तर कातडीही सोबत आली.

डिसेंबरातला दुसरा शनिवार. नवा बॉयलर त्याच दिवशी पेटवलेला, आणि रात्रपाळीला कोण, तर साडूचा धाकटा भाऊ! मेल अजूनही जात नव्हता. हे लावल्याशिवाय उठायचं नाही, असं ठरवून साडू सर्व्हरच्या खोलीत एकटाच बसला.

त्यानं मेल सर्व्हरला, म्हणजे मेल पुढे धाडणाऱ्या मशीनला, हाक दिली. उत्तर नाही.

काय म्हणतोस भाच्या, सर्व्हर बंद असेल? अरे, मग तडक नकार आला असता. इथे नुसतं गप्प. म्हणजे मध्ये फायरवॉल असतो ना, फाटकावरचा वॉचमन म्हण, तोच हाक गिळून बसला होता. साडूनं त्याचे नियम उघडून पाहिले. मेलचं दार बंद. बंद करणारा... साडू स्वतःच. जुलैत साफसफाई करताना.

आपल्याच हातानं माणूस गेला, हे त्याला तेव्हा कळलं. घाईघाईत त्यानं नवा नियम लिहिला: कुणालाही, कुठूनही, येऊ दे.

पावणेदोन वाजले होते.

लाइन जुळली. मेल सर्व्हरशी बोलायची एक रीत असते. आपण हॅलो म्हणायचं, तो आपलं नाव सांगतो. साडूनं हॅलो टाइप केलं.

नाव आलं.

पैलवान.

एसी चालू होता. तरी खोली तापली. मागून मान धरली... कुणीतरी. तोंड रॅकवर आपटलं. पुन्हा आपटलं. दात कीबोर्डवर सांडले. मग उजवा हात. एकेक बोट उलटं वाकवलं. कडकन् मोडेपर्यंत...

समोर स्क्रीनवर नव्या बॉयलरच्या दाबाचा आकडा चढत होता. त्या लाइनची केबल डाव्या हाताशी होती. उपटली असती तर सुटला असता. पण मेल अजून निघायचा होता. आणि तिकडे भाऊ होता.

"मार," साडू रक्त थुंकत म्हणाला. "मला मार. लाइन नाही तोडणार."

...

पकड सुटली.

मेल गेला. पाठोपाठ धडाका. खिडक्यांच्या काचा आत आल्या. साडू रांगत, रडत बाहेर पोचला, तर धाकटा आवारात पालथा पडलेला. पण जिवंत!

"भोंगा ऐकलास ना रे?"

"कसला भोंगा, दादा? वाजलाच नाही. तूच तर मानगुटीला धरून बाहेर फेकलंस मला!"

साडूनं आपल्या मोडलेल्या बोटांकडे पाहिलं.

धाकट्याचा तो शर्ट मी पाहिलाय. कॉलर मागून जळालेली आहे. सगळी नाही... पाच बोटांपुरतीच.