खुंटीवरचं दावं

पौषातलं धुकं नऊ वाजून गेले तरी चाकणवर रेंगाळत होतं. कंपनीच्या बसगाड्या त्यात शिरत आणि नुसता आवाज मागे ठेवून नाहीशा होत. टायरच्या दुकानावरच्या ऑफिसात कस्तुरा गायकवाड डोळे मिटून बसली होती. बँकेच्या तक्रार विभागातली नोकरी सोडून तिने हा तपासाचा धंदा काढला, तेव्हापासून अशील बोलू लागलं की तिचे डोळे मिटायचे. ती झोपते, असं तिचा मदतनीस भीमराज मनापासून समजत आला होता.

समोर साठीच्या शालनबाई बसल्या होत्या.

"पाखऱ्या गेला, ताई. शर्यतीत पळायचा बैल. पैसंबी न्हाईत आन् बैलबी न्हाई. पैशाचं ऱ्हाऊ द्या. त्यो कुणाच्या हातात हाय, येवढं सांगा. तीन दिस घास उतरत न्हाई."

जमीन रस्त्यात गेली होती. घर मोशीच्या फ्लॅटमध्ये हलणार होतं आणि चौथ्या मजल्यावर बैल बांधता येत नाही. म्हणून सून मोनिकाने मोबाइलवर जाहिरात टाकली. कोणा यशवंतरावाचे मेसेज आले. दोन लाख चाळीस हजार कबूल.

"त्याने तुमचा खातेनंबर मागितला?" कस्तुराने डोळे न उघडता विचारलं.

"न्हाई. मोबाइल नंबरावरच टाकतो म्हनला."

"मग?"

"गुरुवारी दुपारी टेम्पो आला. ड्रायव्हर अनोळखी. तेवढ्यात पैसं आल्याचा मेसेज वाजला. मी पाखऱ्याला पोळी आनाया मागल्या खोलीत चुलीकडं गेले. भाईर येते तर टेम्पो निघालेला. पन मानूस शाना. बैल इकला तरी दावं द्यायचं नसतं, गोठ्याची लक्ष्मी जाती त्याच्यासंगं. त्यानं स्वतःचं नवं दावं आनलं, आन् आमचं माजघरातल्या कणगीमागल्या खुंटीला अडकवून गेला. आमची समदी दावी तिथंच असत्यात."

कस्तुराने डोळे उघडले आणि मेसेज पाहिला. शेवटी ४४१७ असलेल्या खात्यात रक्कम जमा, असं त्यात लिहिलं होतं. पाठवणारा साधा दहा आकडी मोबाइल नंबर होता. तो आता बंद होता.

"ऑनलाइन टोळी आहे ही," भीमराज म्हणाला. "दूर कुठंतरी बसलेली. मिटलं."

"दूर बसलेली टोळी बैल घेऊन काय करील, भीमराजभाऊ?"

भीमराजने उत्तराऐवजी गाडीची किल्ली शोधली.

शालनबाईंच्या अंगणात ऊन नुकतंच उतरत होतं. रिकाम्या गोठ्याला अजून बैलाचा वास होता. मोनिका उत्तरं तयार ठेवूनच उभी होती.

"जाहिरात मीच टाकली, मेसेजही मीच वाचून दाखवले. लग्नाला वर्ष झालं. आल्या आल्या आईंचं बँकेत खातं उघडून दिलं." तिने पासबुक पुढे केलं. नंबर ९०२६ वर संपत होता. "आधीचं पतपेढीत होतं म्हणे. ते लग्नाआधीच बंद झालं. पासबुक पतपेढीनेच ठेवून घेतलं. मी कधी पाहिलं नाही."

दलाल कोंडीराम कांद्याच्या बाजारात भेटला. तो चिडलेला होता, आणि ते लपवायची त्याला गरज वाटत नव्हती.

"आधीचे बैल मीच इकले. पैसं पतपेढीत मीच भरले, नंबर तोंडपाठ हाय, शेवटाला ४४१७. ह्या बारीला मोबाइल आडवा आला आन् माझी दलाली बुडाली. बरं झालं फसले म्हनलं, खोटं कशाला बोलू?"

"दावं परत मिळालं त्यांना."

"राखत्यातच की समदी. तिथंच कुठं गोठ्यात असंल लटकवलेलं. दलाल गोठा सोडून घरात कशाला जाईल?"

शालनबाईंनीही ते खरं असल्याचं सांगितलं. कोंडीरामने त्यांच्या घरात कधी पाऊल टाकलं नव्हतं.

राहिला त्यांचा भाचा रणजीत. आईविना पोर म्हणून शालनबाईंनी त्याला लहानाचा मोठा केला होता. आता कंपनीची बस चालवायचा. शिफ्ट संपवून आला होता.

"पतपेढीत आत्तीसंगं मीच जायचो," तो म्हणाला. "पासबुक माझ्याच हातात असायचं. पाखऱ्याला पहिल्यांदा शर्यतीत मीच पळवला." मग खाली बघत त्याने विचारलं, "आत्ती खरंच जेवत न्हाई?"

संध्याकाळी कस्तुराने सगळ्यांना अंगणात बसवलं. तिचा आवाज नेहमीसारखाच पेंगुळलेला होता.

"खरेदीदाराला खातेनंबर कुणी सांगितला नव्हता. तरी खोट्या मेसेजात नंबर आला, तोही बंद पडलेल्या खात्याचा. म्हणजे मेसेज लिहिणाऱ्याला जुनं खातं ठाऊक होतं आणि नवं नव्हतं. मोनिकाचं बरोबर उलटं आहे. ती सुटली."

"मग कोंडीराम," भीमराज घाईने म्हणाला.

"त्याला दावं कुठे ठेवतात ते ठाऊक नाही. अनोळखी ड्रायव्हर मात्र घरात शिरून सरळ कणगीमागे गेला. त्याला कुणीतरी जागा सांगितली होती. आणि बघा, एवढी लबाडी करणारा माणूस दाव्याची का काळजी करील? बैल नेतानाही ह्या घरची लक्ष्मी जाऊ नये, असं त्याला वाटत होतं. ज्याचं हे घर आहे, त्यालाच तसं वाटतं. जुनं खातं आणि खुंटी, दोन्ही ठाऊक असलेला एकच माणूस इथे आहे."

रणजीतने रिकाम्या गोठ्याकडे पाहिलं.

"पाखऱ्या देहूला दोस्ताच्या शेडात हाय. खातोय नीट," तो म्हणाला. "परक्याच्या हातात जाताना बघवंना. येवढं पैसं कुठनं आनू? हप्त्यानं टाकनार होतो."

"मागितला असतास तर फुकट दिला असता," शालनबाई म्हणाल्या. त्यांचे डोळे भरले होते, पण आवाज हलला नाही. त्या कस्तुराकडे वळल्या. "ताई, परक्या मानसाशी येव्हार करायचा कसा, ते सांगा."

प्रश्न कुणासाठी आहे, हे कस्तुराला कळलं होतं.

"आधी एक रुपया मागायचा. आलेल्या मेसेजवर जायचं नाही, आपलं खातं आपण उघडून बघायचं. कुणी स्कॅन करा, पिन टाका म्हणालं तर फोन ठेवायचा. पैसे घ्यायला पिन लागत नाही. आणि पूर्ण रक्कम दिसल्याशिवाय जनावर सोडायचं नाही."

"ऐकलंस?" शालनबाई रणजीतला म्हणाल्या. "बैल उद्या माझ्या गोठ्यात पायजे. आन् आत्ता एक रुपया टाक."

रणजीतने रुपया पाठवला. शालनबाईंनी मोनिकाकडून खातं उघडून घेतलं आणि मोबाइल लांब धरून बराच वेळ पाहिलं.

"आला. ऱ्हायले दोन लाख एकोणचाळीस हजार नऊशे नव्याण्णव. फिटंपत्तुर मोशीला जायाचं थांबलं." त्या उठल्या. "आन् रोज सकाळी वैरण टाकाया ये. मोनिका, ताट वाढ. दोन."